मोडके घर विकणे आहे

इतिहास म्हटला की ताम्रपट, बखरी आणि शकावल्या डोळ्यांपुढे येतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, स्थळे आणि नोकऱ्या यांच्या गर्दीत चार ओळींत बसवलेली घरविक्रीची जाहिरात हाही इतिहासाचाच कागद आहे असे आम्ही म्हटले, तर विद्वान मंडळी हसतील. त्यांना खुशाल हसू द्यावे. आमची विद्या शाळेतली नव्हे. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून पगारपत्रके, हजेरीपट आणि कंपनीच्या नोटिसा वाचता वाचता जी काय आली ती. त्या वाचनाने एक सवय मात्र लागली. कागद हाती आला म्हणजे तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि काय लिहिण्याचे टाळले, हे आधी पाहावयाचे. घर विकणारा खोटेच लिहितो असे नाही. तो सोयीचे तेवढे लिहितो, आणि बाकीचे घेणाऱ्याच्या कल्पनेवर सोडतो.

हा विषय आम्ही निवडला त्याला कारण आहे. आमचे केडगाव म्हणजे दौंड तालुक्यातले. नगरजवळचे केडगाव निराळे. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे स्टेशन. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, शिरूर तालुक्यात रांजणगावला, नाहीतर रोजच्या गाडीने पुण्याला जाऊन तीस-तीस वर्षे राबलेली माणसे या भागात राहतात. निवृत्तीच्या दिवशी फंड आणि ग्रॅच्युइटी अशी एकदम रक्कम हाती येते. आयुष्यात पहिल्यांदा येते आणि शेवटचीच. पुण्यातली सदनिका तिच्यात बसत नाही. मग कोणीतरी जाहिरात आणून दाखवतो: ‘स्टेशनजवळ, दोन गुंठे जागेसह जुने दगडी घर विकणे आहे. स्वतंत्र आड. क्लिअर टायटल. मालक बाहेरगावी असल्याने त्वरित. एजंट क्षमस्व.’ ही जाहिरात आम्ही जुळवली आहे. पण तिच्यातला एकही शब्द आमचा नाही, हे नित्य वाचणाऱ्यांना सांगावयास नको. युनियनच्या कचेरीत बोनसच्या खालोखाल आम्हाला विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘दादा, हे घर घेऊ का?’

उत्तर देण्यापूर्वी आम्ही एकच उलट प्रश्न विचारतो. हे घर मोडकळीस आले आहे ना, मग ते कधीपासून आणि कशामुळे? घर केवळ वय झाले म्हणून पडत नाही. तीनशे वर्षांची देवळे उभी आहेत आणि तीस वर्षांच्या इमारतींना टेकू लागले आहेत. एका विशिष्ट साली त्या घराची डागडुजी करणे कोणाला तरी परवडेनासे झाले, किंवा करण्यात कोणाचेच हित उरले नाही. त्या सालापासून ते पडू लागले. ते साल सापडले की घराची किंमत निम्मी समजली. आणि ते साल शोधणे म्हणजे इतिहासच नव्हे काय?

पूर्वी ही पंचाईत नव्हती. पेशवाईत घर विकले जाई तेव्हा घेणारा बहुधा त्याच आळीतला असे, आणि त्या घराच्या तीन पिढ्या त्याला तोंडपाठ असत. कागदात लांबीरुंदी फुटांत नसे. घर मोजले जाई खणांनी. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. मग चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याची भिंत. शेजारी हीच सीमा आणि शेजारीच साक्षीदार. गावात पाटील-कुलकर्णी, पुण्याच्या पेठांतून शेटे-महाजन असत. उत्तर पेशवाईत पुण्यास कोतवाली होती. शहराचा पहारा जसा तिच्याकडे, तशी घरांच्या खरेदीविक्रीची नोंदही तिच्याकडे होत असे. या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता. कोणी कोठे राहावे हे जात ठरवीत होती, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला आत घर घेण्याची सोय नव्हतीच. तेव्हा त्या काळाचे गोडवे आम्ही गाणार नाही. इतके खरे की घर आणि घेणारा एकमेकांस अनोळखी नसत.

अनोळखी झाले ते आगगाडीने. १८५८ साली गाडी पुण्यास आली आणि १८६० पर्यंत रूळ सोलापुरास भिडले. आमच्या भागात स्टेशन निराळे आणि गाव निराळे झाले. गावात पांढरीवरची जुनी घरे. स्टेशनाच्या अंगाला व्यापारी, आडते, गुळाच्या आणि कांद्याच्या धंद्यातली माणसे, रेल्वेचे नोकर यांची नवी वस्ती. या वस्तीत कोणी कोणाच्या आजाला ओळखत नव्हता. शहरांत तर हे कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाले. पुण्यास १८४९ साली ‘ज्ञानप्रकाश’ निघाला, १८८१ साली ‘केसरी’ निघाला. छापील कागदावरून व्यवहार करण्याची सवय लोकांना लागली. ओळखीची जागा जाहिरातीने घेतली, आणि आळीच्या साक्षीची जागा कायद्याने घ्यावी लागली.

त्या कायद्यातले एक कलम प्रत्येक कामगाराने ऐकून ठेवण्यासारखे आहे. मिळकत हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्यास तो १८९३ पासून लागू झाला. त्याचे पंचावन्नावे कलम म्हणते की, उलट करार नसेल तर, मिळकतीतला किंवा मालकीहक्कातला असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, जो त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि साधी काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या ध्यानात येण्यासारखा नाही. यातले शेवटचे शब्द महत्त्वाचे. भिंतीला ओल दिसत होती, तुळई वाकली होती, तर ते तुम्ही पाहावयाचे होते, विकणारा सुटला. म्हणजे जे डोळ्यांना दिसते त्याची जबाबदारी आपली. नव्या बांधकामाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक छापावा लागतो; तो २०१६ चा कायदा बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी आहे. एकट्या जुन्या घराच्या जाहिरातीला असा पहारेकरी नाही.

तेव्हा आधी डोळ्यांचे काम.

जाहिरातीत ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. मंगलोरी कौले दिसली की घर ब्रिटिशकालीन, मग ते स्वातंत्र्यानंतरचे का असेना. एका घरमालकाने आम्हाला कौल उलटे करून त्यावरचा १८६५ हा आकडा दाखवला आणि त्या जोरावर भाव वाढवून सांगितला. तो आकडा घराचा नव्हे. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, आणि ते साल त्याने पुढे कित्येक वर्षे कौलांवर उमटवले. याउलट काही खुणा फार इमानी असतात. स्टेशनालगतच्या वस्तीत जुन्या घरांत तुळयांऐवजी रेल्वेचे काढून टाकलेले रूळ घातलेले आढळतात. रुळाच्या कुशीला कारखान्याचे नाव आणि साल उठावदार अक्षरांत असते. गंज खरवडला की वाचता येते. रूळ आधी मार्गावर झिजणार, मग भंगारात निघणार, मग घरात येणार. तेव्हा रुळावरच्या सालाहून घर बरेच अलीकडचे, हे नक्की. लोखंडी गर्डरवर टाटांचे नाव असेल तर ते १९१२ पूर्वीचे असणे शक्य नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघू लागले तेच त्या साली. ज्याने आयुष्यभर यंत्रावरची पाटी वाचली त्या फिटरला हे वाचणे अवघड नाही. आमचा अनुभव असा की, घराच्या बाबतीत हीच माणसे उगाच भिडस्त होतात आणि दलालाच्या तोंडाकडे पाहत बसतात.

खरा विचार करावयास लावणारे घर म्हणजे माळवदाचे. दगडाच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा असतो. जाहिरातीत ‘नैसर्गिक थंडावा’ असे लिहितात ते खोटे नव्हे. पण दर पावसाळ्यापूर्वी छपरावर मातीचा नवा थर चढवण्याची रीत, आणि जुना थर काढून टाकण्याचा कंटाळा. पन्नास वर्षांत त्या छपराचे वजन किती होते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तो हिशेब ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. तो प्रदेश तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसे मेली ती बहुतांशी घरांखाली. भिंत दिसायला अडीच-तीन फूट जाड. प्रत्यक्षात ती बाहेरच्या दगडांची एक आणि आतल्या दगडांची एक अशा दोन भिंती, मध्ये माती आणि खडी. दोन्ही अंगांना बांधून धरणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तशा त्या पोट फुटल्यासारख्या दोन्हीकडे फाकल्या आणि माळवद खाली आले. ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर न ठेवता लाकडी खांबांवर तोललेला होता, तेथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे आहेत.

हे शिक्षण फार महाग पडले. ते वाया घालवू नये. माळवदी घर पाहावयास गेल्यावर आम्ही तीन गोष्टी विचारतो. छपराचा भार खांबांवर आहे की भिंतींवर? भिंतीत आरपार दगड आहेत का? पडक्या बाजूला भिंतीचा छेद उघडा असतोच, तेथे सरळ दिसते. आणि माळवदाची माती किती जाड? धुराड्याच्या भोकातून किंवा सवण्यातून हात घातला तरी अंदाज येतो. खांब असतील, लाकूड सागाचे असेल आणि त्याला वाळवी नसेल, तर असे घर मोडके दिसले तरी आतून धडधाकट असू शकते. माती उतरवून हलके छप्पर घालता येते. याउलट वरून ताजा रंग दिलेले, बिनखांबाचे, जड माळवदाचे घर आम्ही कोणाला फुकटही घेऊ देणार नाही.

दुसरा शत्रू जमिनीत आहे. जुन्या माणसांनी गावाची वाटणी काळी आणि पांढरी अशी केली होती. पिकासाठी काळी, घरासाठी पांढरी. काळी जमीन पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचे घर दरवर्षी वरखाली होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. वैशाखात ती रुंद असते, श्रावणात मिटल्यासारखी दिसते. गावे पांढरी सोडून काळीवर पसरली ती मुख्यत्वे गेल्या पन्नास-साठ वर्षांत. म्हणून आमच्याकडे उलटाच चमत्कार दिसतो: आज्याचे घर धड उभे आणि नातवाचा बंगला तडकलेला. काळीवर बांधता येत नाही असे नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगवटा असलेल्या खांबांचा पाया बसवून दाखवला, त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. परंतु विकावयास काढलेल्या घराखाली काय आहे ते जाहिरात सांगत नाही. यास्तव दिवाळीत पाहिलेले घर वैशाखात पुन्हा पाहावे, आणि उन्हाळ्यात पसंत पडलेले पहिल्या मोठ्या पावसात. ‘त्वरित’ या शब्दाचा उद्देश पुष्कळदा एवढाच असतो की, घेणाऱ्याला दोन ऋतू मिळू नयेत.

पाण्याचे तसेच. खडकवासल्याचा उजवा कालवा या तालुक्यातून जातो. त्याने ऊस आणला, गुऱ्हाळे आणली, चार पैसे आणले. जेथे पाझर वाढला तेथे ओलीबरोबर क्षार भिंतीत चढतात, जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा धरतो, आणि गिलावा पिठासारखा गळतो. विक्रीपूर्वी बरोबर तेवढ्याच उंचीचा सिमेंटचा नवा पट्टा मारलेला असतो. मातीच्या भिंतीला सिमेंट मारले की आतली ओल बाहेर पडावयाची थांबते आणि आणखी वर चढते. छायाचित्रात तो पट्टा शोभिवंत दिसतो. छायाचित्रांचे म्हणाल तर आम्ही एक हिशेब ठेवला आहे: चार छायाचित्रे दाराची आणि एकही छपराचे नाही, तर छप्पर गेले असे समजून निघावे.

नदीकाठच्या घराला आणखी एक तारीख विचारावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासला फुटले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले. पाणी ओसरल्यावरही कित्येक वाडे बसले, कारण मातीत बांधलेल्या दगडांमधली माती भिजून वाहून गेली होती. जे उभे राहिले त्यांतल्या किती जणांच्या पायाची नीट दुरुस्ती झाली, हे घरोघर जाऊन पाहावे लागते.

आतापर्यंत माती-दगडाचे झाले. यातले बहुतेक दोष पैशाने दुरुस्त होतात, आणि गवंड्याला सोबत नेले तर त्याचा आकडा एका दुपारी कळतो. फंड खरोखर बुडतो तो दुसऱ्याच मोडकळीत, आणि ती गिलाव्याखाली दिसत नाही.

पुण्याच्या पेठांतून ‘भाडेकरूंसह वाडा विकणे’ अशी जाहिरात पिढ्यान् पिढ्या येत राहिली. या तीन शब्दांत शहरातल्या मोडकळीचे साल लपलेले आहे. पहिल्या महायुद्धात घरटंचाई झाली तेव्हा १९१८ साली मुंबईत भाडे-नियंत्रण प्रथम आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण धरले आणि तेथेच ते जवळजवळ गोठवले. आम्ही या कायद्याच्या बाजूचे आहोत, हे स्पष्ट सांगतो. तो नसता तर गिरणगावातला आणि पेठांतला कामकरी माणूस रस्त्यावर आला असता. परंतु पक्षकार असलो तरी डोळे मिटून घेण्याचे कारण नाही. चुना, साग आणि गवंड्याची मजुरी दर साल वाढत गेली, आणि भाडे १९४० सालीच थांबले. मालक म्हणाला, या भाड्यात कौलही बदलत नाही. भाडेकरू म्हणाला, घर माझे नाही, मी का बदलू? दोघेही आपापल्या जागी चुकीचे नव्हते आणि वाडा मात्र गळत राहिला. मुंबईत तर १९६९ साली सरकारला स्वतंत्र मंडळ काढून, एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीचे काम अंगावर घ्यावे लागले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची ती तरतूद मनमानी ठरवली. नंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि वर्षाला चार टक्के वाढ देऊ लागला. साठ वर्षांची गळती चार टक्क्यांनी थांबत नाही.

मग एक नवी युक्ती निघाली. महानगरपालिकेच्या १९४९ च्या कायद्यातले २६४ वे कलम धोकादायक इमारत उतरवण्याचा अधिकार देते. माणसांचे जीव वाचवण्यासाठी ते आहे आणि असलेच पाहिजे. परंतु दुरुस्ती जाणूनबुजून थांबवावयाची, इमारत धोकादायक होऊ द्यावयाची, मग नोटीस आणावयाची आणि जाहिरात द्यावयाची, ‘पाडून बांधण्यास योग्य, जागा मोकळी’. असाही क्रम आम्ही पाहिला आहे. ही मोडकळ ठरवून केलेली असते. अशी जागा स्वस्तात घेणाऱ्याने एक गोष्ट ऐकून ठेवावी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले आहे की, पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकराराचा हक्क आपोआप संपत नाही. भाडेपट्टा जमिनीलाही धरून असतो. ‘जागा मोकळी’ म्हणून घेतली त्या जागेवर सहा बिऱ्हाडांचा हक्क जिवंत निघतो. आणि ती सहा बिऱ्हाडे कोण असतात? बहुधा आपल्यासारखीच माणसे. एका निवृत्त कामगाराच्या फंडाने सहा कामगारांची घरे उठवली जावीत, हा सौदा आम्हाला घर कितीही स्वस्त असले तरी पसंत नाही. भाडेकरूंशी आधी बोलावे. घराची खरी हकिगत त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते, आणि जाहिरातीत त्यांची नोंद अवघ्या एका शब्दाची असते.

केडगावसारख्या गावात हा भाडे कायद्याचा प्रश्न येत नाही. येथे घर पडते ते वाटणीने. बाप वारला, चार मुलगे, तीन मुली. एक पुण्यात, एक ठाण्याला, एकीचे सासर बार्शीकडे. घर सर्वांचे, म्हणून कोणीच कौले चाळत नाही. दहा पावसाळे गेले की आढे वाकते. मग त्यातला एक भाऊ जाहिरात देतो. ‘मालक बाहेरगावी’ याचा अर्थ पुष्कळदा ‘मालक सात आणि सातही बाहेरगावी’ असा असतो. मुलींची सही घेण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. ‘बहिणीला साडीचोळी केली’ म्हणजे झाले. परंतु वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली आला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलच्या उरल्यासुरल्या शंका मिटवल्या. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी चार भावांच्या सह्यांवर घर घेतले, छप्पर बदलले, फरशी घातली, आणि मग तीन बहिणींची नोटीस आली. बहिणींचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना विचारलेच नव्हते.

‘क्लिअर टायटल’ हा शब्द या सगळ्यावरून वरवंटा फिरवतो. गावठाणातल्या घराला सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवला जातो. तो घरपट्टी आकारण्याचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली; पत्रिका झाली असेल तर तीच मागावी आणि तिच्यावरची नावे मोजावीत. गावठाणाबाहेर गुंठ्या-दोन गुंठ्यांवर उठवलेल्या घराचे प्रकरण आणखी नाजूक. १९४७ च्याच तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे असे तुकडे विकण्यास बंदी घातली, म्हणून वर्षानुवर्षे हे व्यवहार शंभराच्या स्टँपवर नोटरीपुढे होत राहिले. त्या कायद्यात सवलती येत आहेत. पण नोटरीचा कागद त्यामुळे खरेदीखत होत नाही. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हा नियम १९०८ च्या नोंदणी कायद्याइतका तरी जुना आहे. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध घेण्यास जो खर्च येतो, तो नव्या रंगाच्या एका हातापेक्षा कमी असतो.

बँकांच्या लिलावाच्या नोटिसा हा अलीकडचा प्रकार. २००२ च्या कायद्याने कर्ज थकलेली घरे बँकांना कोर्टाबाहेर विकता येऊ लागली, आणि वर्तमानपत्रांची पानेच्या पाने ‘जसे आहे, जेथे आहे’ या शब्दांनी भरू लागली. खाजगी जाहिरातीपेक्षा ही नोटीस आम्हाला प्रामाणिक वाटते. घराची हमी आम्ही देत नाही असे ती उघड सांगते. आत कोण राहतो, वीजबिल किती थकले, पाणीपट्टी कोणाच्या नावावर, हे सारे घेणाऱ्याच्या डोक्यावर. मात्र अशा नोटिशीत ज्याचे नाव छापले असते तोही पुष्कळदा कुठल्यातरी बंद कारखान्याचा कामगार असतो. आम्ही ती पाने वाचतो तेव्हा आधी नावे पाहतो, मग किंमत.

मोडके, वैराण असे काही विकत घेऊन ते नावारूपास आणल्याचे उदाहरण शोधावयास केडगावकरांना दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. त्यानंतर काही वर्षांत त्यांनी केडगावला माळरान विकत घेतले. हेतू असा की फळबागेच्या उत्पन्नावर संस्था आपल्या पायावर उभी राहावी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली-बाया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, आणि ते माळरान एकाएकी आश्रयस्थान झाले. आधी विहिरी खणल्या, झाडे लावली, मुली झोपड्यांत राहिल्या. पक्क्या इमारती मागाहून आल्या. रमाबाईंच्या धर्ममतांविषयी आपल्यांत मतभेद असतील, व्यवहाराविषयी नसावेत. घेताना भिंत नव्हतीच. त्यांनी पाणी पाहिले, स्टेशन पाहिले, आणि तेथे कोण राहणार आहे ते पाहिले. १९२२ साली त्या येथेच वारल्या. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट सांगावयाची राहिली. जुन्या घरात पुष्कळदा सर्वांत मोलाची वस्तू लाकूड असते. सागाच्या तुळया, कोरीव खांब, दिंडीचा दरवाजा, यांना शहरात हौशी गिऱ्हाईक आहे. साठेखत झाले की खरेदीखताच्या दिवसापर्यंत दोन-चार महिने जातात, आणि ताबा घ्यावयास गेलेल्या माणसाला चौकटीच्या जागी भोके दिसतात. विकणारा म्हणतो, मी तुम्हाला जागा विकली. जुन्या खतांत जमिनीबरोबर आड, झाड, दगडमाती, लाकूडफाटा सगळे नावानिशी घालीत. त्यांना भाषेचा सोस होता म्हणून नव्हे. साठेखतात लिहून घ्यावे: सागाचे खांब इतके, तुळया इतक्या, चौकटीसह दरवाजे इतके, खिडक्या इतक्या, आडावरचा रहाट एक, आणि प्रत्येकाचे छायाचित्र सोबत जोडावे. मोजावयास आपल्या खात्यातला सुतार न्यावा. तो हात लावून सांगतो, साग कोणता आणि रंग दिलेला आंबा कोणता.